घाटाखालची खचलेली जमीन

आमच्या घरात दुधावर साय कधी धड धरली नाही. माय सकाळी दूध चुलीवर ठेवायची, लाकडं मागे ओढून आच बारीक करायची आणि भांडी घासायला न्हाणीकडे जायची. तेवढी संधी साधून बाबा चुलीपुढे उकिडवे बसायचे. दूध तापू लागलं की साय थरथरायची, खालच्या उकळीनं इकडून तिकडे सरकायची, समोरच्या सायीला जाऊन भिडायची आणि दोघींच्या मध्ये एक बारीक सुरकुती उभी राहायची. "पाह्य शकू, पाह्य बेबे, झाला हिमालय!" शकू म्हणजे माझी मोठी बहीण शकुंतला, आणि बेबी मी. आम्ही दोघी दात घासता घासता पाहायचो. हिमालय तेवढ्यावर ठेवला असता तर काही बिघडलं नसतं, पण बाबांना तो आणखी उंच हवा असायचा. ते चमच्याच्या दांडीनं साय ढकलायचे, साय फाटायची, आणि माय ओल्या हातानं येऊन उभी राहायची. "अवो, या हिमालयापायी घरात तूप म्हणून राह्यलं नाही," ती म्हणायची. "लोकाइच्या घरी मांजर साय खाते, आमच्या घरी भूगोल खाते."

बाबा मेहकरच्या एका शाळेत भूगोल शिकवत. पुष्कळ वर्षं त्यांनी पोरांना असं शिकवलं की पृथ्वी आधी तापलेली होती, ती थंड होताना आक्रसली आणि वाळलेल्या बोरासारख्या तिला सुरकुत्या पडल्या, तेच डोंगर. मग एका उन्हाळ्यात बुलढाण्याला शिक्षकांचं शिबिर झालं आणि बाबा तिथून आले ते दुसरेच होऊन आले. पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाले, "आपण उभे हाओत ते जमीन सरकून राह्यली." माय भाकरी थापत होती. ती म्हणाली, "सरकू द्या. तुमीबी जरा सरका, मले पीठ घ्यायचं हाय." त्यांना काही ऐकू गेलं नाही. पृथ्वीचं वरचं कवच अखंड नाही, त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, त्यांना भूपट्ट म्हणतात. आपला भारत अशाच एका पट्ट्यावर बसून दूर दक्षिणेतून निघाला, मधला समुद्र गिळत गिळत वर आला आणि आशियाला धडकला. त्या समुद्राच्या तळाचा गाळ दोघांच्या मध्ये सापडून चुरगळला आणि उचलला गेला, म्हणून हिमालयात एवढ्या उंचावर शिंपले सापडतात. आणि ती धडक अजून संपलेली नाही, हिमालय अजून वाढतो आहे. हे सगळं ते उभ्यानंच सांगत होते आणि तिकडे भाकर करपली. आपले डोंगर मात्र तसे नाहीत, हे त्यांना त्याहून मोठं वाटे. आपला पट्टा वर सरकत असताना त्याला भेगा पडल्या, तापलेला रस बाहेर आला, थरावर थर बसत गेले. आपला काळा दगड म्हणजे ते थर. पुढे जमिनीवर ताण पडला, तडे गेले, आणि दोन तड्यांच्या मधला एक लांबच लांब भाग खाली बसला. तीच घाटाखालची, पूर्णा नदीच्या काठची सपाटी.

मी आता सत्तरी ओलांडली आहे, बुलढाण्याला मुलाकडे राहते, आणि दोन जिने चढले की तिसऱ्याच्या आधी भिंत धरून उभी राहते. परवा नातवानं मोबाइलवर हेच सगळं मला दाखवलं. भारत सुटतो काय, धावत येतो काय, धडकतो काय, डोंगर उभा राहतो काय. अर्ध्या मिनिटात कारभार आटोपला. मी म्हटलं, पुन्हा दाखव रे. त्यानं अंगठ्यानं सरकवून दुसरंच काही लावलं होतं. तो काही उद्धट नाही, पण ऐकायची ताकद आता कोणातच राहिली नाही, आणि माझ्यातही पुन्हा सांगायची राहिली नाही.

ऐकायची ताकद तेव्हा तरी कुठे होती म्हणा. बाबा वर्गात भूपट्टांबद्दल बोलू लागले आणि आठ दिवसांत शाळेनं त्यांचं नाव ठेवलं, पट्टेवाले मास्तर. कचेरीत साहेबाच्या दाराशी स्टुलावर बसतो तो पट्टेवाला. आधी वर्गातले पोट्टे म्हणायचे, मग शिक्षकांच्या खोलीत सुरू झालं, मग बाजारात. "काय पट्टेवाले, आज कुठवर सरकली जमीन?" बाबा हसायचे आणि त्यांना वाटायचं, याला खरंच ऐकायचं आहे. ते सांगायला लागले की समोरचा, "बरं, येतो मास्तर, गिऱ्हाईक आलं," म्हणून सटकायचा. घरी आम्ही दोघी उरायचो. ते सतरंजी अंथरायचे. एका टोकाला ताईला बसवायचे, दुसऱ्या टोकाला मला. ताई आशिया, मी हिंदुस्थान. मी सतरंजीचं टोक धरून पुढे ढकलायचं आणि मध्ये घड्या उभ्या राहायच्या. मला मजा वाटे, कारण मला हलायला मिळे. ताई जरा जरी सरकली तरी बाबा म्हणायचे, "शकू, तू हालू नको. आशियानं हालायचं नसते." ती बिचारी मांडी घालून तशीच बसायची. थोड्या वेळानं मीही कंटाळायचे आणि सतरंजी अंगावर ओढून पडायचे. बाबा एकटेच घड्यांकडे पाहत बसायचे.

शकुताई मॅट्रिक होऊन घरी बसली होती. तिला बुलढाण्याला जाऊन मास्तरीण व्हायचं शिक्षण घ्यायचं होतं. हे ती ओरडून कधी बोलली नाही, पण दुपारी माय झोपली की कोळशानं मागच्या भिंतीवर लिहायची, पाहायची, आणि ओल्या फडक्यानं पुसायची. अक्षर असं की छापल्यासारखं. मायचं म्हणणं एकच, आधी लग्न. "जगातले डोंगर कसे झाले ते सांगता, तुमची पोरगी कशी उजवावं ते सांगा," असं ती बाबांना म्हणायची. चार-पाच ठिकाणं पाहून झाली होती. कुठे ताई सावळी ठरली, कुठे उंच, कुठे पत्रिका आडवी आली. ताई प्रत्येक वेळी तेच लुगडं नेसायची, तेच आलूपोहे पुढे करायची, आणि पाहुणे गेले की तीच भांडी घासायची. शेवटी बाबांनी तिला शब्द दिला. माझ्यासमोर दिला. "शकू, आता एक ठिकाण किसननं आणलं हाय. हे जमलं तं जमलं. नाही जमलं तं मी तुले बुलढाण्याले धाडतो. मंग कोणी काही म्हणो." ताईनं मान हलवली. त्या दिवसापासून आमच्या घरात दोघी दोन देवांना दोन नवस बोलत होत्या, माय जमावं म्हणून आणि ताई जमू नये म्हणून.

किसनमामा मायचा सख्खा भाऊ. एसटीत कंडक्टर. घाटावरून खाली, खालून वर, असा त्याचा जन्म गेला, त्यामुळे आमच्या जिल्ह्यातल्या निम्म्या सोयरिकी त्याच्या तिकिटाच्या पेटीवर जमलेल्या. बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं, म्हणून सांगते. आमचा जिल्हा एक असला तरी माणसं दोन आहेत, घाटावरची आणि घाटाखालची. आम्ही मेहकर, लोणार, बुलढाण्याकडचे वरचे. नांदुरा, मलकापूर, शेगावकडचे खालचे. खालचे आम्हाला दगडगोट्यातले म्हणतात. आम्ही म्हणतो, त्यांच्या खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही. आणि आमच्याकडच्या म्हाताऱ्या असंही म्हणत, की खालचा पाहुणा वर पोरगी पाहायला आला तर आधी विचारावं, बाबा, खाली तुला कोणी काऊन देत नाही? मामाला हे कोणी विचारलं नाही. पोरगा नांदुऱ्याला पोस्टात होता, शेती काळी, घर पूर्णेकाठच्या गावात. माय तेवढ्यावरच भरून पावली.

पाहुणे आले तेव्हा घरात पुरण शिजल्याचा वास होता. पुरणपोळी, कढी, भजी, वांग्याची भाजी. मायनं शेजारणींना हाताशी घेऊन सगळं मांडलं होतं. आधी पाहणं, मग पसंतीचं कुंकू, मग जेवण, असं ठरलेलं. मुलगा वसंत खाली मान घालून बसला होता. वडील वारलेले, म्हणून कर्तेपणानं त्याचे काका आले होते, जाडजूड, मिशीवाले, मोठ्यानं हसणारे. आई आली नव्हती. काका म्हणाले, "वहिनीची तब्येत बरी नसते." माय आत येऊन माझ्या कानाशी म्हणाली, "सासू पाह्यलेबी येत नाही म्हणजे पोरीले जाच नाही." ताईनं पोहे दिले, नाव सांगितलं, आत गेली. काकांनी पुतण्याकडे पाहिलं, पुतण्यानं मान हलवली, आणि सगळं जमलं. जमलंच होतं. कुंकवाची कोयरी मायच्या हातात होती. काका आता नुसती गंमत करत होते. "पाहा मास्तर, तुमी डोंगरातले माणसं. तुमच्या पोरीले चढायची सवय. आमच्या सपाटीवर पाय मुरगळन तिचा!" सगळे हसले. बाबांनीही हसावं एवढंच काम होतं.

"नाही नाही," बाबा म्हणाले, "हा मोठा गैरसमज हाय."

दाराआडून माय हळूच "अवोऽ" म्हणाली. पण बाबा उठले होते. जेवायला मांडलेल्या पाटांपैकी तीन पाट त्यांनी उचलून आणले आणि काकांच्या पुढ्यात एकाला एक लावून ठेवले. "हा सातपुडा. हे आमी. अन् हा मधला पाट तुमी. आता पाहा." त्यांनी मधला पाट ओढून काढला आणि भिंतीला टेकवून ठेवला. मध्ये नुसती सारवलेली जमीन राहिली. "आमी डोंगरावर नाही हो. आमी जथी होतो तथीच हाओत. तुमी खाली गेले. घाट म्हणजे डोंगर नाही, तो काठ हाय. तुमची जमीन खचलेली हाय."

काकांचं हसू तोंडावर राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. "खचलेली?"

"हाव. पार आतून खचेल हाय. वरून माती भरेल हाय म्हणून पाहणाऱ्याले समजत नाही."

"कोणं सांगतलं तुमाले?"

आणि बाबा खुलले. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांना हा प्रश्न विचारला होता. "बुलढाण्याले समजलं! अन् आता काय, जगजाहीर हाय."

काका उठले. पाठोपाठ सगळे उठले. वसंताचा चेहरा पांढराफटक पडला होता. दारात काका वळून एवढंच म्हणाले, "मास्तर, माहीत होतं तं पहिलेच नाही म्हणायचं. घरी बोलावून, पाट काढून दाखवायची गरज नव्हती." चपला पायात सरकवल्या आणि ते निघून गेले. बाबा पाटांपाशीच उभे. मायनं कोयरी खाली ठेवली आणि तिथेच भिंतीला पाठ लावून बसली. काय झालं ते कोणालाच कळलं नव्हतं. एवढं मात्र कळलं होतं की मोडलं. एवढं रांधलेलं अन्न, खाणार कोण? कोणाच्या घशाखाली घास उतरेना. ताई मात्र जेवली. गुळवणी घेऊन, पोळी कुस्करून, नीट मांडी घालून जेवली, आणि मला म्हणाली, "बेबे, कढी चांगली झाली वं आज." मी तिच्याकडे पाहिलं आणि मला हसू आलं. बुलढाणा पक्कं झालं होतं.

उलगडा दोन दिवसांनी किसनमामानं केला. तो आला, टोपी काढून बसला आणि डोक्याला हात लावला. वसंताचा थोरला भाऊ, लग्न ठरलेला, शेतात पान लागून गेला होता. पान लागणं म्हणजे साप चावणं. आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत. तेव्हापासून त्यांच्या आईनं बोलणं सोडलं होतं, चूल सोडली होती. ओसरीवर खांबाला टेकून बसायची. तिला बुलढाण्याच्या दवाखान्यात दाखवून आणलं होतं. सगळं गाव म्हणायचं, ती बाई खचली, ते घर खचलं. खाली कोणी पोरगी देईना, म्हणून ते घाट चढून आले होते. मामाला हे ठाऊक होतं, पण त्यानं तोंडाला कुलूप लावलं होतं. "मले वाटलं लग्न झाल्यावर समजन तं समजन," तो म्हणाला. "मले काय माहीत भाटवे भर बैठकीत पाट काढून दाखवतीन म्हणून!" भाटवे म्हणजे बहिणीचा नवरा, आमचे बाबा.

मायनं आधी भावाला झोडपलं, मग नवऱ्याला. "तुमच्या पट्ट्याइनं पोरीची सोयरीक मोडली. समाधान झालं? डोंगर पोखरून उंदीर काढला एकदाचा!" त्या आठवड्यात साय बिनबोभाट धरली आणि मायला तीही गोड लागली नाही. बाबा शाळेत जात, येत, खाटेवर बसून राहत. रविवारी सकाळी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं आणि म्हणाले, "मी खाली जाऊन येतो. सोयरिकीसाठी नाही. त्या माउलीचा अपमान झाला माझ्या तोंडून." माय म्हणाली, "एकले जाऊ नका, अजून काही बोलून बसान. बेबीले न्या." आणि मला मागच्या दारी नेऊन सांगितलं, "डोंगराचा ड जरी तोंडातून निघाला तरी चिमटा काढजो. चांगला पीळ देऊन."

बुलढाणा मागे पडलं आणि राजूर घाट लागला. बाबा खिडकीशी बसले होते, पण बाहेर पाहत नव्हते. एरवी या घाटात ते थरांवर थर मोजत, मला कोपरानं ढोसत. त्या दिवशी मीच म्हटलं, "बाबा, थर." ते म्हणाले, "हं." घाट उतरल्यावर गरम हवा अंगावर आली आणि दोन्हीकडे सपाट काळी रानं सुरू झाली. नांदुऱ्याहून पुढे बैलगाडीनं गेलो. त्या घरी पोचलो तेव्हा काका ओसरीवरच होते. त्यांनी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. आतून कोणीतरी पाणी आणून दिलं. खारट. मी तोंड वाकडं केलं, बाबांनी तांब्या पूर्ण संपवला. खांबाला टेकून एक बाई बसली होती, केस पांढरे नव्हते पण तेल न लागून राठ झालेले, नजर अंगणात.

बाबा तिच्यापुढे जमिनीवरच बसले. "बाई, मी जमिनीबद्दल बोललो. तुमच्या घरचं मले काहीच माहीत नव्हतं. शप्पथ घेतो. मी भूगोलाचा मास्तर हाओ, मले दुसरं काही बोलताच येत नाही."

"असं भूगोलात रायते काय कुठी?" काका मागून गुरकावले. "जमीन खचते म्हणे!"

"रायते," बाबा म्हणाले, आणि मी चिमटा काढला. चांगला पीळ देऊन. त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला. "रायते, बाई. पण ते तुमाले लागन असं मले समजलं नाही."

मग त्या बाईचे ओठ हलले. आवाज असा की बंद घराचं दार उघडावं. "मी खचलीच, मास्तर. तुमी काही खोटं नाही बोलले." काका ताडकन उभे राहिले. आत भांड्याचा आवाज थांबला. तिनं त्या कशाकडे पाहिलं नाही. "खचलेल्या जमिनीचं मंग पुढं काय होते?"

"भरते, बाई."

"कायनं?"

"वरच्या मातीनं. आमचे डोंगर झिजतात. पाण्यानं, वाऱ्यानं. ते माती नदी-नाल्याइनं वाह्यत खाली येते अन् तुमच्याकडं बसते. तुमच्या विहिरीले खाली दगड लागते काय?"

"नाही लागत. मातीच लागते. किती खोल गेलं तरी."

"ते आमच्याकडची हाय. आमी उघडे पडलो, तुमी भरले."

"लय दिस लागत असन भरायले."

"लय. माणसाच्या हिशोबात बसत नाही एवढे."

"मंग तवर काय करावं माणसानं?"

बाबांनी अंगणातली चिमूटभर माती उचलली, बोटात चोळली. "तवर पेरावं," ते म्हणाले. "भरून होयाची वाट कोणी पाह्यत नाही, बाई. भरता भरताच पीक येते. अशी काळी माती आमच्या घाटावर औषधालेबी नाही."

ती बाई कितीतरी वेळ त्या मातीकडे पाहत राहिली. मग खांबाला धरून उठली, आत गेली आणि चूल फुंकल्याचा आवाज आला. काका मिशी दाबून रडत होते, एवढा मोठा माणूस. चहा तिनं स्वतः आणून दिला. तोही खारट होता. मग तिनं पुन्हा विचारलं, जमीन सरकते कशी, डोंगर वाढतो कसा, आणि बाबा सांगत राहिले, दिवस कलेपर्यंत सांगत राहिले. मी चिमटे काढणं सोडून दिलं होतं. निघताना ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, "पोरीचं मन असन तं द्या. मी सांभाळीन तिले." परतीच्या गाडीत बाबा खिडकीबाहेर पाहत होते, आणि घाट लागताच त्यांनी मला कोपरानं ढोसलं.

घरी आल्यावर त्यांनी ताईला ओट्यावरच गाठलं. सगळं सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण तुले मी शब्द देल्ला होता. तुले बुलढाण्याले जायचं असन तं मी उद्याच त्याइले नाही म्हणून कळवतो. तू म्हणशीन तसं." माय दारात उभी होती. मला खात्री होती ताई काय म्हणणार. ताईनं बाबांच्या तोंडाकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, "हाव म्हणा त्याइले."

या एका 'हाव'चा मला जन्मभर राग आला. तो लिहून काढावा म्हणूनच हे प्रकरण लिहायला घेतलं, आता बोटं आखडतात, तरी. पुढे ताई खाली गेली. शाळेची पायरी चढली ती पोरांची नावं घालायला. गोड्या पाण्यासाठी डोक्यावर हंडे वाहिले, न शिजणारी डाळ शिजवली. वसंतभाऊजी भले होते, पण अबोल. सासू पुन्हा बोलू लागली, हसू लागली, म्हातारी होऊन सुखानं गेली. आणि ताई दर दिवाळीला घाट चढून यायची ती आधीच्यापेक्षा वाळून. बाबा जिवंत असेपर्यंत येईल त्याला ही गोष्ट सांगत, भूगोलानं एक घर कसं उभं केलं ती. लोक वा म्हणत. मी दात आवळून उठून जायचे. मला वाटायचं, माती वरून वाहत येते हे तुम्ही फार छान सांगितलंत बाबा, पण ती माती कोणाची होती? मी शिकले, नोकरी केली, निवृत्तही झाले. ताईच्या वाट्याचं बुलढाणं मी खाल्लं, असंही कधी कधी वाटतं.

गेल्या हिवाळ्यात तिच्याकडे गेले होते. घाटात आता रस्ता रुंद झाला आहे, गाडी कधी खाली आली कळतही नाही. भाऊजी गेल्यापासून ती एकटीच ओसरीवर बसते. आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत होतो. माझी कंबर धरली होती आणि तोंडावरचा ताबा म्हातारपणी तसाही सुटतोच. मी म्हटलं, "ताई, आता मरायच्या आधी एक सांग. बाबांनी तुला विचारलं होतं. दोन्ही दारं उघडी होती. काऊन हाव म्हटलं?"

ती हसली. दात राहिले नाहीत तिचे. "तुले अजून तेच धरून हाय काय वं?"

"हो. तेच धरून आहे."

तिनं दोन-तीन शेंगा सोलल्या. "मले नव्हतं यायचं," ती म्हणाली. "ते लोक उठून गेले तवा मी देवाले हात जोडले. पण त्या दिवशी बाबा खालून आले, तं चपलाबी काढल्या नाही त्याइनं. मले हाताले धरून म्हणे, शकू, त्या बाईनं सारं ऐकलं वं. ऐकलं, अन् मंग काय होते म्हणून इचारलं." तिनं सोललेले दाणे बाजूला सारले. "मी नाही म्हटलं असतं, तं त्याइनं हसत हसत मले बुलढाण्याले पोचवून देल्लं असतं. मले माहीत होतं. पण त्याइचं कोणी ऐकत नव्हतं, बेबे. तू नाही, मी नाही, माय नाही. जन्मात एका बाईनं ऐकलं. मी त्या बाईच्या घरी आली."